वाफ्यांचं तिसरं वर्ष

११ जुलै १९७१, कर्जत

आज वाफे पाडून झाले. प्रयोगाचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. दिवसभर बैलांमागे चालून पाय भरून आलेत, पण चौकोन सुरेख पडलेत. गहिनीनाथाच्या हाताला सफाई आहे, फक्त त्याला मधूनमधून थांबून तंबाखू मळायची असते.

दोन वर्षं दैनंदिनीत नुसते आकडेच लिहिले, म्हणून आज एकदा माझी सगळी विद्या इथे लिहून ठेवतो. इकडे ज्वारी सप्टेंबरात पेरतात. तोवर रान मोकळं असतं आणि त्या महिन्यांत जो काही पाऊस पडतो तो बांधावरून उड्या मारत ओढ्याला जातो. तो जाऊ नये म्हणून रानात बुटके वरंबे घालून चौकोनी वाफे पाडायचे. पडेल ते पाणी जागच्या जागी मुरतं आणि ज्वारीला पुढे तीन महिने पुरतं. यात खत नाही, नवं बी नाही, परदेशी यंत्र नाही. एक बैलजोडी आणि दोन दिवसांचं काम. त्यामुळे नगरच्या आमच्या संशोधन केंद्रात कुणालाच यात रस नाही. मला तिथे पाठीमागे ‘वाफेवाले’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

गहिनीनाथाचं मधलं रान प्रयोगाला घेतलंय. एक पट्टा वाफ्यांचा, शेजारचा बिनवाफ्यांचा, असे आलटून पालटून. गेली दोन्ही वर्षं वाफ्यांचे पट्टे पुढे होते. पण दोन्ही वर्षी पाऊस बरा होता. आमचे प्रमुख खासनीस साहेब म्हणाले, “मार्तंडराव, चांगल्या पावसात काय, दगडावरही पिकतं.” तेव्हा मला एक वाईट वर्ष हवं आहे. ते मिळालं तर मार्चच्या बैठकीत शिफारस होईल आणि पुढच्या जूनपर्यंत ही गोष्ट जिल्ह्यातल्या गावागावात सांगितली जाईल. शिफारस झाल्याशिवाय कुणालाही काहीही सांगायचं नाही, असा नियम आहे.

शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून पाऊस कमी पडावा अशी इच्छा करणारा मीच असेन. गहिनीनाथाला अर्थात हे बोललो नाही.

१५ जुलै

गहिनीनाथ विचारत होता, उरलेल्या रानातही वाफे पाडू का. दोन वर्षं बघून त्याला पटलंय. मी नको म्हटलं. सभोवार साधं रान असलं म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांत फरक एकदम भरतो. सगळीकडेच वाफे असले तर दाखवायचं काय?

तो लगेच हो म्हणाला. त्याची बायको छबूबाई शेण काढत होती, तिथून म्हणाली, “मंग बाकीच्या रानानं काय पाप केलंय?”

मी तिला प्रयोग म्हणजे काय, तुलना कशी असते, हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पाटी उचलून गेली. अडाणी माणसाला एका वर्षापलीकडचं दिसत नाही. तिला म्हणून काय बोल लावायचा?

२१ सप्टेंबर

पेरणी. सगळ्या रानात एकच बी, एकच दिवस. पाऊस फारच थोडा झाला. इथले लोक तोंडं पाडून बसलेत. मला मात्र सकाळी चहा पिताना गुणगुणावंसं वाटत होतं. लाज वाटली, पण वाटत होतं हे खरं.

२८ नोव्हेंबर

आज पट्ट्यांमधून चाललो आणि डोळे भरून आले. वाफ्यांतली ज्वारी माझ्या डोक्याला लागते, पानं गडद, कणीस निसवायला लागलंय. शेजारच्या पट्ट्यांत, बाजूच्या वाफ्यांची थोडी ओल मिळूनही, जेमतेम कमरेएवढी. आणि बाहेरच्या उरलेल्या रानात तर ताटं गुडघ्याशी पिवळी पडलीत. कणसं पोटरीतच, पानांच्या गाभ्यात, अडकली, ती काही आता बाहेर येत नाहीत. गहिनीनाथ म्हणाला, त्याची वैरणच होणार.

मी त्याला म्हटलं, आता बघा, हा फरक आंधळ्यालाही दिसेल. तो म्हणाला, “व्हय, दिसतुय की.” त्याच्या आवाजात मला पाहिजे तेवढा उत्साह नव्हता. शेतकरी कधी कशाला चांगलं म्हणतच नाही.

खासनीस साहेबांना लिहून टाकलं की एकदा येऊन बघाच. हे सहावं सातवं पत्र असेल. तीन वर्षांत हा माणूस नगरहून इथवर आलेला नाही. पुण्याला महिन्यातून दोनदा जातो.

७ डिसेंबर

पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. नगरला दिवे बंद, लष्कराच्या गाड्या रात्रंदिवस चालल्यात असं बायको, लीना, तिथून कळवते. साहेबांचं उत्तर आलं, जीप मिळत नाही. या वेळी तरी कारण खरं आहे.

कणसं भरू लागली तशी पाखरं आली. छबूबाई पहाटे रानातल्या राखणीच्या माळ्यावर चढते ती दिवस मावळेपर्यंत. गोफण फिरवून आणि ओरडून तिचा आवाज पार बसलाय. आज मला काही सांगत होती तर शब्दच फुटेना, शेवटी हाताने खुणा केल्या. प्रयोगाच्या पट्ट्यांत एकसुद्धा कणीस टोचलेलं नाही. मी तिला म्हटलं, शाबास. ती हसली. तिचे पुढचे दात किडलेत हे मला पहिल्यांदाच दिसलं.

२३ डिसेंबर

लढाई जिंकली आणि साहेबांना जीप मिळाली. दोन जानेवारीला येताहेत, पुण्याचे चार पाहुणे घेऊन. पाहुण्यांपैकी एकजण मार्चच्या बैठकीत बसणारे आहेत. एवढ्या दिवसांचं तप फळाला आलं म्हणायचं.

गहिनीनाथाला सांगितलं तर तो म्हणाला, “मोठं सायेब येत्यात तर हुरडा व्हायला पायजे. पौषात पावना रानात आला आन हुरडा न खाता गेला, तर लोकं आमच्या तोंडात श्यान घालतील.”

मी म्हटलं, जरूर करा. साहेब खुशीत असलेले बरे. गोवऱ्या, गूळ, दही, लसणाची चटणी, सगळं तो बघणार आहे.

२ जानेवारी १९७२, रविवार

आजच लिहायला पाहिजे.

जीप अकराला आली. साहेब खाली उतरले, पट्टे बघून म्हणाले, “अरे वा, मार्तंडराव.” त्यांनी एवढंच म्हटलं, पण ते मनापासून होतं. पुण्याचे ते बैठकीतले गृहस्थ वाफ्यांच्या ज्वारीत शिरले, हात वर करून कणसाला हात लावून बघितला. मी आकडे सांगू लागलो तर साहेब म्हणाले, “आकडे सावकाश. आधी तो आगटीचा धूर बघा, भूक खवळली.”

बांधाच्या कडेला गहिनीनाथाने खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या होत्या. पोती अंथरली होती. सगळे बसले. मग छबूबाई हातात विळा घेऊन माझ्याजवळ आली. बसलेल्या आवाजात म्हणाली, “भाऊसायेब, कनसं ह्यातलीच काढायची का? भायेरच्या रानात तर दाना न्हाई.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाहेरच्या रानात कणीसच नाही. शेजारपाजारीही हीच तऱ्हा. बिनवाफ्यांच्या पट्ट्यांत आली होती ती किरटी. सगळ्या शिवारात हुरड्याजोगी कणसं होती ती फक्त माझ्या वाफ्यांत.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं होतं. म्हणाले, “यातलीच होऊ द्या की. आमच्या मार्तंडरावांच्या प्रयोगाची चव तरी कळेल.” सगळे हसले.

छबूबाई तरीही माझ्याचकडे बघत उभी होती. एवढी मोठी माणसं पोत्यावर बसलेली, आगटी रसरसलेली. मी म्हटलं, “बघा तुम्ही.”

तिने काढली. पाहुण्याला द्यायचं ते हलकं कसं द्यायचं, म्हणून निवडून निवडून सगळ्यांत भरलेली कणसं काढली, आणि एकाच पट्ट्यातून नाही, चारही पट्ट्यांतून. आगटीत भाजून, हाताने चोळून, फुंकर मारून गरम गरम दाणे पुढे ठेवत होती. साहेब म्हणाले असा हुरडा आयुष्यात खाल्ला नाही. गावचे आसाराम पाटील आणि त्यांच्या बरोबरची मंडळी आली, त्यांनाही बसवलं. निघताना पुण्याच्या मंडळींनी घरी नेण्यासाठी मागितली. गहिनीनाथाने दोन पोती भरून जीपमध्ये टाकली. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “दिलदार माणूस.”

आकडे विचारायचे राहूनच गेले. मीही थोडा हुरडा खाल्ला. गोड होता.

३ जानेवारी

रात्रभर विचार करत होतो. चूक छबूबाईची आहे. तीन वर्षं प्रयोग तिच्या डोळ्यांसमोर चाललाय. तिला कळायला नको? नाही म्हणून सांगायचं होतं, बाहेरची पिवळी ताटं दाखवायची होती. हुरडा झाला नसता तर काय आकाश कोसळलं असतं? पण या लोकांना पाहुण्यापुढे मान मिरवायचा असतो. त्या मानापायी माझी तीन वर्षं भाजून खाल्ली.

दुपारी रानात गेलो तेव्हा ती माळ्यावर होती. वाफ्यांतली कितीतरी ताटं बोडकी उभी होती आणि ती उरलेली राखत होती. मी तिच्याशी बोललो नाही.

१९ फेब्रुवारी

मळणी झाली. वजनं केली. वाफ्यांचे पट्टे बिनवाफ्यांच्या पट्ट्यांहून किंचित पुढे, इतके किंचित की त्याला फरक म्हणता येणार नाही. कडबा मात्र दुपटीहून जास्त. कडब्याला कुणी हुरडा म्हणून खाल्लं नाही, म्हणून तो शिल्लक राहिला.

गहिनीनाथ म्हणाला, “भाऊसायेब, ती खाल्लेली धरा की त्यात.” जणू काही ती वजन करूनच खाल्ली होती.

४ मार्च, नगर

साहेबांना भेटलो. त्यांनी तक्ते बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, “मार्तंडराव, तिसऱ्या वर्षी तुमचे वाफे झोपले.”

मी म्हटलं, साहेब, हुरडा. ते म्हणाले, “कसला हुरडा?” मी आठवण करून दिली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी म्हटलं, कापलेल्या ताटांवरून अंदाज काढता येईल, कडब्याचं वजन तर साक्षात समोर आहे. त्यावर ते म्हणाले, “अंदाज म्हणजे संशोधन नव्हे. आणि पुण्याच्या लोकांसमोर मी काय वाचू? की तुम्हीच खाल्लंत म्हणून?”

मग मायेने बोलले. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. म्हणाले, तुम्ही खेड्यात फार दिवस काढलेत, इथे मुख्यालयात एक जागा होते आहे, माझ्या मनात तुमचं नाव आहे. आणि या वर्षाच्या तुटीला काही कारण तर द्यायला पाहिजे. पाखरं असतातच की. पाखरांनी खाल्लं, राखण नीट झाली नाही, असं लिहा. म्हणजे तुमच्यावरही येत नाही.

६ मार्च

लिहून दिलं. ‘तिसऱ्या वर्षी वाफ्यांपासून लक्षणीय फायदा आढळला नाही. पाखरांचा उपद्रव; यजमान शेतकऱ्याकडून राखणीत हयगय. शिफारस करता येत नाही.’ चार ओळींचा मजकूर, अक्षर चांगलं आलंय.

यात धादांत खोटं असं काय आहे? फायदा आकड्यांत आढळला नाही, हे खरंच आहे. दाणे कुणीतरी खाल्ले, हेही खरं. आणि राखणीचा अर्थ पाखरांपुरताच का घ्यायचा? माणसांपासून राखलं नाही ही हयगयच झाली. गहिनीनाथाचं यात काही बिघडत नाही. त्याला कोण शिक्षा करणार आहे? मी मात्र सरळ लिहिलं असतं तर जन्मभर कर्जतला वाफे पाडत बसलो असतो.

लीनाला सांगितलं, नगरची जागा होईल. ती इतकी हरखली की अहवालाचं मी सांगितलंच नाही. सावेडीला प्लॉट पडताहेत, माझ्या शाळेतल्या दोघी बाईंनी घेतलेत, आपणही बघून येऊ म्हणाली. गेलो. नुसता माळ आहे, पण हवा छान आहे.

२० मे

बदलीचा हुकूम आला. गहिनीनाथाचा निरोप घ्यायला जायला पाहिजे होतं, पण सामान बांधण्यात वेळ झाला नाही. शिवाय ऊनही फार.

१४ जून

अहवालाच्या मराठी प्रती यजमान शेतकऱ्यांना पाठवायचा नियम आहे. मला वाटलं होतं हा नियम कुणी पाळत नाही. नव्या टेबलावर पहिलंच काम तेच आलं. गहिनीनाथाचं पाकीट मी दोन आठवडे गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं होतं, पण कारकुनाने आज जावक नोंदीसाठी मागितलं. दिलं. गहिनीनाथाला वाचता येत नाही, असं स्वतःशी म्हणालो.

३० ऑगस्ट

पाऊस नाही. जुलैत एक मोठी सर येऊन गेली ती शेवटची. साहेबांनी आज विचारलं, कमी पाण्यावर ज्वारी आणायची आपल्याकडे काही शिफारस आहे का, वरून विचारणा झाली आहे. मी म्हटलं, शिफारस नाही. ते म्हणाले, “वाईट झालं.” माझ्याकडे बघितलं नाही.

आज मला त्यांचा फार राग आला. जेवताना लीनावर ओरडलो. भाजीत मीठ जास्त होतं, पण एवढं ओरडण्याजोगं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

साहेबांबरोबर दुष्काळी कामं बघायला कर्जत भागात गेलो. ज्वारी उगवलीच नाही कुठे. पाझर तलावाचं काम चाललं होतं, दोन-तीन गावांची माणसं मातीवर. साहेब जीपमध्येच बसले, धूळ सोसत नाही म्हणून. मी खाली उतरलो आणि मुकादमाशी बोलत होतो, तेवढ्यात पाटी खाली ठेवून एक बाई आली. छबूबाई. मी आधी ओळखलं नाही, इतकी उतरलीय.

“भाऊसायेब, बरं हाय का?” म्हणाली. आवाज परत आलाय तिचा.

मी गहिनीनाथाची चौकशी केली. तो बैल घेऊन कारखान्याकडे गेलाय, चाऱ्यासाठी. मी म्हटलं, वर्षच असं आलं, कुणाचा इलाज नाही. बोलायचं म्हणून बोललो.

तर ती म्हणाली, “औंदा मालकांनी समद्या रानात वाफं पाडलं हुतं. जेठातच. मंग तुमचा कागद आला. मास्तरानं वाचून दावला, वाफ्याचा फायदा न्हाई म्हनून. मी म्हनलं, आपुन डोळ्यांनी बघिटलंय की. मालक म्हनलं, आपल्या डोळ्याला काय कळतंय, भाऊसायेबांनी तीन साल मापून लिवलंय, शिकल्याला मानूस खोटं कशापायी लिवंल? आन कुळव घालून समदं मोडलं. चार दिसांनी त्यो एक पाऊस आला. समदं पानी वढ्याला गेलं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. गावात लग्नकार्य काय झालं ते सांगावं तसं सांगत होती.

मग म्हणाली, “राखन न्हाई केली, आसं बी वाचलं मास्तरानं. लोकं हसली. मी म्हनलं, त्ये मास्तर चुकून वाचला आसंल. तुमी तर रोज बघत हुता.”

आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. हुरड्याच्या दिवशी विळा घेऊन उभी होती, तशीच.

साहेबांनी हॉर्न वाजवायला लावला. मी येतो म्हटलं आणि जीपकडे गेलो. मागे वळून बघितलं नाही, त्यामुळे ती कधी पाटी उचलून गेली ते सांगता येणार नाही.

जीप सुरू झाल्यावर साहेबांनी विचारलं, “काय म्हणत होती ती बाई?”

मी म्हटलं, “काही नाही, पाणी मागत होती.”

“मग द्यायचं की. थर्मास भरलेला आहे.”

तोवर आम्ही काष्टीच्या रस्त्याला लागलो होतो.